‘थोर मोगल’ नावाचं बासरीवादन

खुलताबादेला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेलं की औरंगजेबाची साधीसुधी कबर पुष्कळजणींनी पाहिलेली असते. पण ‘थोर मोगल’ या नावाची एक युरोपीय बासरीरचनाही आहे बरं का! रचनाकार अंतोनियो विवाल्दी. बादशहा १७०७ साली वारला तेव्हा तिशीकडे झुकलेला हा तरुण व्हेनिसमध्ये अनाथ मुलींना व्हायोलिन शिकवत होता.

या प्रकाराला कंचेर्तो म्हणतात. एक वाद्य पुढं, बाकीची साथीला. इथं आडवी बासरी पुढं आणि व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं मागं. भजनात ध्रुवपद सगळ्याजणी म्हणतात नि कडवं एकटी म्हणते, तशीच ही रीत. भाग तीन: जलद, संथ, पुन्हा जलद. त्या वेळची बासरी लाकडी, सहा भोकांची नि एकाच चावीची. आपल्या बासरीची जवळची बहीणच. मात्र त्यात आपला राग शोधू नका. विवाल्दी हिंदुस्थानात कधी आला नव्हता. फ्रान्स, स्पेन, इंग्लंड नि मोगल अशा चार नावांच्या चार रचनांपैकी ही एक. २०१० साली अँड्र्यू वूली या अभ्यासकाला ती स्कॉटलंडमध्ये, एका सरदार घराण्याच्या जुन्या कागदांत सापडली. दुसऱ्या व्हायोलिनचं पान गहाळ होतं. ते विवाल्दीच्याच दुसऱ्या रचनेवरून भरून काढलं.

विवाल्दीचे कितीतरी कंचेर्तो ज्या मुलींच्या हातून पहिल्यांदा वाजले, त्यांची हकीकत मात्र मनाला लागते. टाकून दिलेली तान्ही मुलं सांभाळणारी ‘पिएता’ नावाची ती संस्था. मुली इतक्या तयारीनं वाजवत की दूरदेशीचे लोक ऐकायला येत. पण त्या बसायच्या वर सज्जात, जाळीआड. आडनाव नाही, व्हायोलिनवाली आनामारिया, अशी वाद्यावरून ओळख. आणि लग्न करून बाहेर पडायचं तर पुन्हा जाहीर वाजवणार नाही असं कबूल करावं लागे!

आपल्याकडे असं कुणी लिहून घेत नाही. तरीही संगीताच्या परीक्षा दिलेल्या किती सुना-मुलींच्या पेट्या लग्नानंतर माळ्यावर जातात! कुणी मनाई केलेली नसते. फक्त ‘वाजव की’ म्हणणारंही कुणी नसतं.

म्हणून मैत्रिणींनो, दुपारचं आवरलं की मोबाइलवर विवाल्दीचा ‘ग्रान मोगोल’ शोधून ऐका. मधल्या संथ भागात बासरी किती हळुवार बोलते पाहा. मग माळ्यावरची पेटी खाली काढा. भात्याला कसर लागली नाही ना, तेवढं बघा, आणि घरच्यांना सांगून टाका, आजपासून रोज अर्धा तास माझा.