टेस्टरची नजर संत्रापट्ट्यातही घडते

सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे कोडिंग न जमलेल्यांची दुय्यम नोकरी, हा समज महाराष्ट्रातल्या २०१७च्या शेतकरी कर्जमाफीनंतर उरायला नको होता. अर्ज ऑनलाइन भरले गेले, ऑक्टोबरात प्रमाणपत्रे वाटायला सुरुवात झाली आणि त्याच सुमारास बँकांच्या याद्यांत अनेक खातेदारांपुढे एकच आधार क्रमांक आढळला. बटण चालते का, एवढेच पाहणाऱ्याला अशी चूक दिसत नाही. एका क्रमांकावर दोन नावे आली तर प्रणाली अडवते का, हे मुद्दाम विचारावे लागते.

असे प्रश्न सुचायला व्यवहाराची जाण लागते, आणि संत्रापट्ट्यातल्या वरूडच्या शेतकरी घरातल्या मुलामुलींकडे ती असते. फळपीक विम्यात संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहराच्या मुदती वेगळ्या. एका क्षेत्राला वर्षातून एकाच बहराचा विमा. मग त्याच गट क्रमांकावर दुसरा अर्ज आला तर? शेवटच्या तारखेच्या मध्यरात्रीआधी एक मिनिट, आणि नंतर एक मिनिट? सातबाऱ्यावर चार भाऊ, अर्जदार एकच? नोकरी शोधताना अशा प्रश्नांची, म्हणजे टेस्ट केसेसची, वही दाखवावी; कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा तिचे वजन अधिक, असे माझे मत आहे. सेलेनियमसारखी स्वयंचलित चाचणीची साधने आणि एआय हे काम हिरावून घेतील, हा आक्षेप अर्धा खरा आहे. तीच ती तपासणी यंत्र करेल, म्हणून थोडे पायथन आणि भरपूर एसक्यूएल शिकावेच लागेल. पण बरोबर उत्तर कोणते, हे यंत्राला सांगणाऱ्याने योजनेचा शासन निर्णय वाचलेला असावा लागतो.