पेशव्यांनाही न चुकलेला क्षय आज बरा का होतो?

दौंडहून सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना थेऊर फाटा लागतो. थेऊरला तुम्ही चिंतामणीच्या दर्शनाला गेला असाल. थोरले माधवराव पेशवे यांनी शेवटचे दिवस याच ठिकाणी काढले. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या महागणपतीचा गाभाराही त्यांनीच बांधवून घेतला, असे सांगतात. हा पराक्रमी पेशवा वयाच्या २७ व्या वर्षी गेला, आणि तो लढाईत नव्हे, तर क्षयरोगाने, म्हणजे आपण ज्याला टीबी म्हणतो त्या आजाराने.

दिल्लीपर्यंत सत्ता, पण औषध नाही

पानिपतानंतर काही महिन्यांतच, १७६१ मध्ये, माधवराव पेशवे झाले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे १६. १७६३ मध्ये राक्षसभुवन येथे त्यांनी निजामाचा पराभव केला. १७७२ च्या सुरुवातीला मराठ्यांच्या मदतीने बादशहा शाह आलम दिल्लीत परतला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला माधवरावांनी थेऊरला प्राण सोडला. पुढे वर्षभराच्या आत त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. एका माणसाच्या आजाराने राज्याची घडी कशी विस्कटते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

आयुर्वेदात या आजाराला 'राजयक्ष्मा' म्हणतात. नक्षत्रांचा राजा चंद्र याला हा आजार झाला आणि तो झिजू लागला, अशी पुराणकथा या नावामागे सांगितली जाते. आज मात्र 'टीबी म्हणजे गरिबांचा आजार' असा समज आहे. दाटीवाटीची घरे आणि अपुरा आहार यांमुळे धोका वाढतो हे खरे, पण हवेतून पसरणारा जंतू माणसाचा हुद्दा पाहत नाही.

कारण सापडले, पण उपाय नव्हता

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. पण त्या क्षय घेऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय पुरते २२ सुद्धा नव्हते. त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांना मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे पुरलेली आहे.

त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि आजाराचे कारणही जगाला कळले होते, तरी त्यांना वाचवता आले नाही. क्षयावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले ते १९४३ मध्ये.

आज काय बदलले आहे?

साध्या टीबीला आज चार औषधांचा, साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात.

पुढीलपैकी काही जाणवत असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या:

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला
- संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम
- भूक मंदावणे, वजन घटणे
- थुंकीतून रक्त पडणे
- मानेत न दुखणारी गाठ

मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू आणि कुपोषण यांमुळे धोका वाढतो. घरात कुणाला फुफ्फुसाचा टीबी असेल तर लहान मुलांसह सर्वांची तपासणी करून घ्या. गरज असल्यास त्यांना प्रतिबंधक गोळ्या देता येतात.

"बरे वाटतेय, मग गोळ्या कशाला?"

हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. महिना-दोन महिन्यांत ताप जातो, वजन वाढते आणि गोळ्या बंद होतात. पण क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. काही जंतू शरीरात सुप्त राहतात आणि त्यांना संपवायला वेळ लागतो. मध्येच औषध सोडले तर आजार उलटतो, आणि वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अधिक अवघड होतात.

आपल्या भागात याचे आणखी एक कारण आहे. ऊसतोडीचा हंगाम संपला की टोळ्या गावी परततात. रांजणगाव एमआयडीसीतला कामगार नोकरी बदलतो. गाव बदलले की औषध तुटते. तसे होऊ देऊ नका. प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगा, म्हणजे नव्या गावी तोच उपचार पुढे चालू राहतो.

गोळ्यांमुळे लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, हातापायांना मुंग्या किंवा अंधुक दिसणे यांपैकी काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका.

लग्न जमणार नाही या भीतीने, विशेषतः मुलींचा, टीबी लपवला जातो. औषधे लागू पडली की काही आठवड्यांतच संसर्ग पसरण्याची शक्यता खूप कमी होते. कोर्स पूर्ण केलेली मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते, संसार करू शकते. तिचे ताटवाटी वेगळे ठेवण्याची गरज नसते. तिला खोकताना तोंडावर रुमाल, खेळती हवा आणि पोटभर सकस जेवण हवे असते.

पेशव्यांच्या खजिन्याला जे विकत घेता आले नाही, ते आज तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करा, आणि औषध सुरू झाले तर शेवटच्या गोळीपर्यंत घ्या.