दांडीला बक्षीस देणारी बेरीज

भोसरीतल्या काही लहान वर्कशॉपची पगारपत्रकं मी करते. हजेरी आता एक्सेलच्या शीटवर येते आणि क्लार्क नवा असला की आठवड्याच्या बेरजेत हमखास एक चमत्कार दिसतो. सोमवार ते शनिवार रोज आठ तास भरणाऱ्याच्या नावापुढे ०:००. मधेच एक दिवस दांडी मारणाऱ्याच्या नावापुढे मात्र १६:००!

बेरीज बरोबरच असते. एक्सेलचं माप तासांचं नाही, दिवसांचं आहे. १ म्हणजे एक पूर्ण दिवस, दुपारचे बारा म्हणजे ०.५, एक मिनिट म्हणजे दिवसाचा १४४०वा भाग. अठ्ठेचाळीस तास त्याने २ म्हणून बिनचूक लिहून ठेवलेले असतात. फक्त सेलचा फॉरमॅट 'एच:एमएम' असला, तर तो किती वाजले ते दाखवतो. दोन दिवस उलटल्यावर पुन्हा मध्यरात्रच, म्हणून शून्य. चाळीस तासांतले चोवीस असेच गळतात आणि सोळा उरतात.

आपल्याला हवं असतं ते किती वेळ झाला हे. कंट्रोल आणि १ दाबायचं, कस्टममध्ये जायचं आणि 'एच'ला चौकटी कंस घालायचा: [एच]:एमएम. (अक्षरं अर्थातच इंग्रजी टाकायची.) सेल मुकाट ४८:०० म्हणतो. [एमएम] लिहिलं तर २८८०. कंसाचा अर्थ एवढाच की तास चोवीसला किंवा मिनिटं साठला अडवू नकोस, मोजत राहा.

पैसे काढताना मात्र फॉरमॅट कामाला येत नाही. साडेनऊ तास, तासाला शंभर रुपये, म्हणून सरळ गुणाकार केला तर ३९ रुपये ५८ पैसे येतात; कारण गुणलं जातं ते दिवसाच्या हिशेबातल्या ०.३९५८ला. आधी २४ने गुणायचं, मग दराने. तेव्हा ९५० रुपये होतात. पंचांगवाल्यांना हे अवघड जाऊ नये. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची; त्याच आकड्याला ६०ने गुणलं तर घटका मिळतील. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि एक्सेलचा मध्यरात्री, एवढंच.

टिंबाचा घोळ याहून वाईट. आपण हाताने लिहिताना साडेआठ सर्रास ८.३० असे लिहितो. शीटला ते आठ पूर्णांक तीन दिवस वाटतात आणि [एच]:एमएमच्या रकान्यात १९९:१२ उमटतं. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. रकाना साध्या 'एच:एमएम'चा असेल तर तिथे ७:१२ दिसतं, जे कुणालाही खरं वाटेल. म्हणून तास-मिनिटांमध्ये अपूर्णविरामाचेच दोन ठिपके टाका, असं मी प्रत्येक शीटच्या डोक्यावर लिहून ठेवते.

रातपाळीचा माणूस २२:००ला येतो, ६:००ला जातो. जाण्यातून येणं वजा केलं की उत्तर ऋण येतं आणि एक्सेल सेलभर #### काढतो. वजाबाकी 'मॉड' या फंक्शनमध्ये घालून भाजक १ दिला की ८:०० मिळतात. तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये लिहिण्याची शिस्त असेल तर तेही लागत नाही.

दिवस, तास, मिनिटं असं सुटं हवं असतं ते मशिनच्या ब्रेकडाउनच्या नोंदीत. त्यासाठी फॉरमॅटमध्ये 'डी' टाकायचा मोह होतो. पण 'डी' म्हणजे झालेले दिवस नव्हेत, महिन्यातली तारीख. एक्सेलची मोजणी १ जानेवारी १९०० पासून, त्यामुळे ३१ दिवसांपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मशिन चाळीस दिवस बंद राहिलं की ९ फेब्रुवारी येते आणि सेल नऊ दिवस म्हणतो. मालक खूश, पण दुरुस्तीचं बिल चाळीस दिवसांचं. गूगल शीट्समध्ये शून्य दिवस म्हणजे ३० डिसेंबर १८९९, म्हणून तिथे अर्ध्या दिवसाच्या ब्रेकडाउनपुढेही 'डी' ३० दाखवतो. मी 'डी' वापरतच नाही. 'इंट' फंक्शनने पूर्ण दिवस वेगळ्या रकान्यात काढते आणि उरलेल्या अपूर्णांकाला शेजारच्या रकान्यात साधा 'एच:एमएम' लावते. तो तिथे कधीच चोवीसला पोहोचत नाही.