ऑनलाईन खरेदी : सदोष माल परत करण्याचा हक्क

गेल्या खरिपात वरठी येथील एका धान उत्पादकाने मोबाईलवरून बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मागविला. जाहिरातीत बॅटरी १२ अँपिअरची, आत निघाली ८ ची. दुसऱ्या बांधीत पंप बंद पडू लागला. फवारणीच्या घाईत तक्रार करावयास दहा-बारा दिवस गेले, तेव्हा विक्रेत्याने ‘परतीची सात दिवसांची मुदत संपली’ असे कळविले. शेतकऱ्याने ते खरे मानले व नवीन बॅटरी पदरच्या पैशाने घेतली. येथेच चूक झाली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ऑनलाईन खरेदीचाही समावेश आहे. त्याखालील ई-कॉमर्स नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल अथवा कबूल केलेल्या तारखेनंतर आला असेल, तर तो परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. सात दिवसांची मुदत ही कंपनीची सोय आहे. ती संपली म्हणून सदोष मालाबद्दल तक्रार करण्याचा हक्क संपत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात.

मात्र वस्तू आवडली नाही किंवा भंडाऱ्यात स्वस्त मिळाली, या कारणासाठी ती परत घेण्याची सक्ती आपल्याकडे नाही. युरोपीय संघाच्या देशांत बहुतेक ऑनलाईन वस्तूंसाठी कारण न देता चौदा दिवसांत परतीचा हक्क आहे. आपल्याकडे तेथे विक्रेत्याचे धोरण चालते, म्हणून ते आधी वाचावे.

पंप आल्याबरोबर साध्या पाण्याने चालवून पाहावा. टाकीत औषध एकदा पडले की ‘वापरलेला माल’ म्हणून वाद सुरू होतो. पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करावे. खोके व बिल टाकून देऊ नये.

बियाण्याचे दुखणे वेगळे आहे. त्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि पऱ्हे उगवले नाहीत हे कळेपर्यंत हंगाम पुढे सरकलेला असतो. यासाठी बियाणे पेरणीच्या तीन आठवडे आधी हाती येईल असे मागवावे. पिशवीतील १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, गोणपाट सुकू देऊ नये आणि आठव्या-दहाव्या दिवशी मोजणी करावी. प्रमाणित धान बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते. ती कमी भरल्यास पिशवी, टॅग, लॉट नंबर व उगवणीचा फोटो यांसह विक्रेत्यास लगेच लेखी कळवावे. पेरणी झालेली असल्यास तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे तक्रार देऊन शेताची पाहणी व पंचनामा करून घ्यावा.

‘तुम्ही धंद्यासाठी बियाणे घेतले, तुम्ही ग्राहक नाही’ असा बचाव कंपन्या करीत आल्या आहेत. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो फेटाळला. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. तरीही मूठभर बियाणे पिशवीसह जपून ठेवावे, पुराव्याचे काम सोपे होते.

तक्रार प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. त्याने ४८ तासांत पोच व एक महिन्यात निवारण केले पाहिजे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. विक्रेता दिल्लीचा असो की बंगलोरचा, तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे वरठीच्या शेतकऱ्याला भंडाऱ्यापलीकडे जावे लागत नाही. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते.