दहा अवतार आणि एक दुष्काळ

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला खोटं ठरवलं. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहून ठेवलेलं नाही की सांगितलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. मुंबईचे माजी पोलीस आयुक्तच ते, साक्षीदार मागणारच! देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून विधान खोडलं, तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकरांनी अशी विधानं टाळायला सांगितलं आणि प्रकरण निवलं. पुढच्याच जानेवारीत जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं.

यातलं दुसरं विधान मला जास्त अवघड वाटतं. मंत्र्यांचा नकार सरळ होता, त्याच्याशी भांडता येतं. कुलगुरूंचा मात्र होकार होता, आणि श्रद्धाळू माणसाला उत्क्रांती समजावताना आपली गाडी दीडशे वर्षं याच होकारापाशी अडलेली आहे.

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन आणि पुढं माणसं, ही जोडणी जालंधरला सुचलेली नव्हे. थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी ती १८७७ मध्येच मांडली होती. १८८२ मध्ये ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी अवतारांची माळ उत्क्रांतीच्या भाषेत उलगडली. नंतर जे. बी. एस. हाल्डेनसारख्या अव्वल जीवशास्त्रज्ञालाही या साम्याचा उल्लेख करावासा वाटला. कीर्तनात, वर्गात, चहाच्या टपरीवर ती आजही चालते. ऐकणारा खूश होतो, सांगणाऱ्याचं काम हलकं होतं. फक्त डार्विनचा मूळ शोध त्यात कुठंच येत नाही. अवतार घेतला जातो तो हेतूनं, कुणाला तरी तारायला. नैसर्गिक निवडीत कुणी ठरवत नाही, कुणी तारत नाही आणि पायरी वरच चढली पाहिजे असंही काही नाही.

ही अडचण डार्विनच्या हयातीतच पुढं आली होती, तीही एका मित्राकडून. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे निष्ठावान ख्रिस्ती होते. १८६० मध्ये त्यांनी ‘अटलांटिक’ मासिकात लेख लिहून निवडीचा सिद्धांत देव मानणाऱ्यालाही पचू शकतो, असं दाखवलं. त्या लेखांची पुस्तिका निघाली तेव्हा खर्चातला वाटा डार्विननं स्वतः उचलला. तरीही ग्रे यांचं एक म्हणणं त्याला कधी पटलं नाही. जिवांमधले बारीकसारीक फरक देवच योग्य दिशेनं घडवत असावा, असं ग्रे सुचवत होते. १८६८ च्या ग्रंथात डार्विननं त्याला जाहीर उत्तर दिलं: कड्यावरून पडलेल्या दगडांतून गवंडी हवे ते वेचून घर बांधतो, पण दगडांचे आकार त्या घरासाठी ठरले होते असं कोण म्हणेल? मैत्री टिकली आणि मतभेदही टिकला. विज्ञान आणि श्रद्धा यांच्यावरच्या परिसंवादांत डार्विनचा पाठीराखा हक्सले आणि बिशप विल्बरफोर्स यांची ऑक्सफर्डमधली १८६० ची चकमक हमखास येते, कारण तिच्यात टाळ्यांची वाक्यं आहेत. शिकण्यासारखं मात्र ग्रे यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात जास्त सापडतं.

दाखवायला डोळ्यांदेखतची निवड डार्विनकडे नव्हती. ती आली शंभर वर्षांनी. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं १९७३ पासून गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या चिमुकल्या ओसाड बेटावर फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घालून चोचींची मापं घ्यायला सुरुवात केली. १९७७ मध्ये पाऊसच पडला नाही. मऊ, बारीक बिया आधी संपल्या. उरली ती टणक, काटेरी फळं. आपल्या माळावर चपलेत घुसणाऱ्या सराट्याच्याच कुळातली ती. जाड चोचीचा पक्षी ती फोडून आतलं बी खाई. चोच जराशी बारीक असली की फळ फुटत नसे आणि पक्षी उपाशी मरे. ‘मध्यम फिंच’ या जातीच्या पक्ष्यांपैकी बहुतेक मेले. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी सुमारे अर्ध्या मिलिमीटरनं जास्त भरली आणि पिल्लांनी ती वारशात घेतली. एकाही पक्ष्याची चोच त्याच्या आयुष्यात वाढली नव्हती. बारीक चोचीचे गेले, एवढंच. ‘गरज पडली म्हणून बदल झाला’ हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलंय, की इथं थांबून ते दोनदा खोडावं लागतं.

गोष्टीचा खरा कस पुढं आहे. १९८३ मध्ये एल निनोच्या पावसानं बेट हिरवंगार झालं, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पुढच्या टंचाईत बारीक चोचीवाल्यांचं फावलं. सरासरी उलट फिरली. दशावताराच्या शिडीवर हे बसवून दाखवावं कुणी! एकाच बेटावर, काही वर्षांच्या अंतरानं, निवड एकदा इकडं गेली नि एकदा तिकडं.

धार्मिक माणसापुढं हे मांडलं की तो फार तर गप्प होतो. खवळत नाही, कारण त्याच्या देवाला कुणी हात लावलेला नसतो. मग प्रश्न येतो तो जुनाच: इतके पक्षी मेले, ते कशासाठी? ग्रे यांना १८६० मध्ये लिहिलेल्या पत्रात डार्विनही इथंच अडखळला होता. जिवंत सुरवंटाच्या पोटात आपली अळी पोसणारी गांधीलमाशी दयाळू देवानं मुद्दाम घडवली असेल, असं त्याला मानवेना. विज्ञानाकडं याचं उत्तर नाही आणि असल्याचा आवही आणू नये. दशावताराचा दाखला देणारा मात्र श्रोत्याला या प्रश्नापर्यंत पोचूच देत नाही.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेल्याचं उघड झालं, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र २०१८ पासून पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. तो शिकवताना फळ्यावर मासा, कासव, डुक्कर अशी रांग न काढता एक दुष्काळ सांगायला एक तास पुरतो.