घरकारभार : लेखांक सातवा – लहान हातांची वहिवाट

मागील लेखांकात स्वयंपाकघराचा आणि पावसाळ्याच्या बेगमीचा विचार करताना आमसुले, सांडगे, कुळीथ व मिरच्या यांची आगोटीपूर्वी लावलेली व्यवस्था दिवाळीपर्यंत कशी टिकवावी, याची चर्चा केली होती. त्यानंतर ओघानेच येणारा प्रश्न असा की, मोठ्या माणसांनी बसविलेली घडी ज्या घरात दोन-तीन मुले दिवसातून अनेकदा विस्कटतात, त्या घरात व्यवस्थेची अपेक्षा धरावी तरी कितपत? यावर एक पक्ष म्हणतो की, मुले मोठी होईपर्यंत पसारा हा गृहस्थाश्रमाचा धर्मच समजावा. दुसरा पक्ष शिस्तीचा अंमल अधिक कडक करावा असे सुचवितो. दोन्ही पक्षांत दोष मुलांच्या पदरी बांधला जातो आणि घराची मांडणी मात्र निर्दोष सुटते, म्हणून प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही निर्णय मान्य नाहीत. घरातील सर्वांत लहान माणसाला जी व्यवस्था पाळता येत नाही ती व्यवस्थाच सदोष होय, आणि तिची दुरुस्ती मुलाच्या कानापासून नव्हे तर भिंतीवरच्या खुंटीपासून सुरू केली पाहिजे, हे या लेखांकाचे प्रतिपाद्य आहे.

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान पुरातत्त्व विभागाने जतन करून ठेवले आहे. 1856 साली येथे जन्मलेले आणि वडिलांच्या बदलीमुळे 1866 साली पुण्यास गेलेले बाळ गंगाधर टिळक ज्या प्रकारच्या वास्तूत वाढले, त्या कौलारू कोकणी घराची रचना आजच्या गृहस्थाने एकदा बारकाईने न्याहाळावी. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागील पडवी आणि न्हाणी या क्रमात एक अलिखित कायदा आहे : चिखल, पाणी आणि परका माणूस हे तिन्ही जसजसे आत यावे तसतसे कमी होत जावेत. पायावर पाणी घेतल्याशिवाय पायरी चढावयाची नाही. इरली, घोंगड्या, काठ्या आणि पायताणे यांचा मुक्काम पडवीत. धान्याची कणगी आणि अंथरुणांच्या वळकट्या माजघरात. वर्षातून एकदाच लागणारे सामान माळ्यावर. कोणती वस्तू कोठे ठेवावी हे तेथे कोणी कोणास शिकवीत नसे, कारण प्रत्येक खणाने आपला अधिकार आधीच सांगितलेला असे.

तथापि या घरांची वाजवीपेक्षा अधिक स्तुती करण्याचे कारण नाही. ती व्यवस्था टिके ती घरातील तीन-चार स्त्रियांच्या अविश्रांत श्रमांवर, आणि मालमत्ता बेताची असल्यामुळे. मुलाच्या मालकीची वस्तू म्हणजे पाटी, दोन सदरे, एखादा भोवरा आणि विटीदांडू. त्यांना एक कोनाडा पुरत असे. शिवाय शिंके, उंच फडताळ आणि उतरंड यांची योजनाच मुळी मुलांचा आणि मांजरांचा हात पोचू नये अशा हेतूने झालेली होती. म्हणजे ते घर मुलांना खेळावयास अंगण आणि परसू मुबलक देई, परंतु घराच्या कारभारात त्यांना भागीदार करून घेत नसे. आज मारुती मंदिर, नाचणे किंवा साळवी स्टॉपच्या परिसरातील दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबातून पडवी गेली, माजघर गेले, हाताखालची माणसे गेली, आई-वडील दोघेही नोकरीवर रुजू झाले आणि मुलांच्या वस्तू मात्र कित्येक पटींनी वाढल्या. गेलेल्या खोल्या परत आणता येत नाहीत. त्या खोल्या जी कामे करीत ती मात्र परत आणता येतात.

त्यांपैकी पहिले काम पडवीचे. रत्नागिरीस वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. शाळा उघडतात त्याही नेमक्या जूनच्या मध्यावर, म्हणजे पावसाने जोर धरावा त्याच सुमारास. छत्री, रेनकोट, भिजलेले बूट, पाणी ठिबकणारे दप्तर आणि चिखलाचे पाय या पाच वस्तू रोज दुपारी एकाच क्षणी घरात प्रवेश करतात. त्यांची तजवीज दारापाशीच झाली नाही तर त्या कोचावर, पलंगावर आणि जेवणाच्या टेबलावर आपले ठाणे मांडतात. म्हणून सदनिकेच्या दाराआतील चार फूट जागेला पडवीचा दर्जा द्यावा : खाली पाणी धरून ठेवील असे पसरट घमेले, त्यावर उलट्या टांगलेल्या छत्र्या, प्रत्येक मुलाच्या नावाची एक खुंटी आणि पाय पुसण्यास सुती पोत्याचा तुकडा. ओल्या कपड्यांची वलणी गॅलरीत किंवा न्हाणीघरात, पंख्याचा वारा लागेल अशी असावी. निजण्याच्या खोलीत ती बांधली तर भिंतींना बुरशी येण्यास वेळ लागत नाही.

बूट जमिनीवर न ठेवता घोडीवर ठेवावेत, या सूचनेमागे स्वच्छतेखेरीज आणखी एक कारण आहे. कोकणात लाल विंचवाचा दंश हा मुलांच्या जिवावर बेतणारा प्रसंग असे. महाड तालुक्यात वैद्यकीय सेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार सिद्ध करून त्यावरील आपले निरीक्षण 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. उपचार उपलब्ध झाला म्हणून सावधगिरी सोडावी असे नाही. विंचू अंधाऱ्या, अडगळीच्या जागी, बुटात आणि जमिनीवर पडलेल्या कपड्यांच्या ढिगात आसरा घेतो. तेव्हा बैठ्या घरात अथवा तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने कपडे खुंटीवर, बूट घोडीवर आणि अंथरूण भिंतीपासून दूर ठेवणे हा मुलांच्या संरक्षणाचाच बंदोबस्त होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मुले घर बिघडवितात ही तक्रार नवी नाही. किंबहुना बालशिक्षणातील एका युगप्रवर्तक प्रयोगाचा उगम याच तक्रारीत आहे. रोम शहरातील सान लोरेन्झो या मजूरवस्तीतील चाळी दुरुस्त करून घेणाऱ्या संस्थेला अशी चिंता लागली की, आई-वडील कामावर गेल्यावर मोकाट राहणारी पोरे नव्याने रंगविलेल्या भिंती आणि जिने खराब करतील. त्या पोरांना दिवसभर सांभाळण्याचे काम डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे आले आणि 1907 च्या जानेवारीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आरंभी तेथील साहित्य शिक्षिकेच्या ताब्यातील कपाटात कुलूपबंद असे. एके दिवशी ती कुलूप लावण्यास विसरली आणि उशिरा आली, तेव्हा मुलांनी कपाट उघडून आपापल्या पसंतीच्या वस्तू काढून घेतल्याचे तिला आढळले. शिक्षिकेच्या दृष्टीने ही चोरी होती, डॉ. माँटेसरींनी त्यातून असा निष्कर्ष काढला की, मुलांना वस्तू आणि त्यांच्या जागा ठाऊक झाल्या आहेत. त्यानंतर उंच कपाटांच्या जागी मुलांच्या हाताला लागतील अशी बुटकी कपाटे आली.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहवासात हे तत्त्व आत्मसात केले, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि 1945 पासून बोर्डीच्या समुद्रकिनाऱ्यावर ते खेड्यातील मुलांसाठी राबविले. महागडे परदेशी साहित्य तेथे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांतून त्यांनी शिक्षणाची साधने सिद्ध केली. त्यांचा हा धडा गृहस्थालाही उपयोगी पडणारा आहे. मुलांच्या खोलीसाठी महागडे फर्निचर करविण्यापूर्वी आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या घासून-पुसून, खिळ्यांची टोके ठोकून, भिंतीशी आडव्या ठेवून पाहाव्यात. चार-पाच वर्षांच्या मुलाची खेळणी राहण्यास तेवढे फडताळ पुरेसे होते. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी खुंटी जमिनीपासून सुमारे 3 फुटांवर ठोकावी. पाच फुटांवरील खुंटीला सदरा अडकविण्याचा हुकूम सोडणारा बाप त्या मुलाला आज्ञाभंगाचेच शिक्षण देत असतो.

उंचीइतकेच महत्त्व स्थानाला आहे. सरकारी नकाशात रस्ता कोठेही दाखविलेला असो, माणसे जेथून जातात तेथेच शेतातून पायवाट पडते, आणि पुढे ती वहिवाट म्हणून मान्य करावी लागते. घरातील वस्तूंचेही तसेच आहे. मुलगा रोज दप्तर कोचाच्या उजव्या अंगाला टाकीत असेल, तर आतल्या खोलीतील टेबल ही दप्तराची अधिकृत जागा असल्याचा दावा करीत राहण्यापेक्षा त्या कोचाशेजारीच एक बुटका स्टूल ठेवावा. आठवडाभर रागे न भरता केवळ पाहावे : कोणती वस्तू कोठे पडते, कोणत्या वेळी पडते आणि ती उचलून जागेवर ठेवण्यास मुलाला किती हालचाली कराव्या लागतात. झाकण उघडणे, वरचा डबा बाजूला करणे, आतला खण ओढणे आणि मग वस्तू ठेवणे, एवढी चतुर्विध क्रिया थकलेल्या मुलाकडून होत नाही. उघडी टोपली असेल तर होते. वाचता न येणाऱ्या मुलाच्या टोपलीवर चेंडूचे किंवा गाडीचे चित्र चिकटवावे, म्हणजे त्याला विचारण्याची गरज राहत नाही.

परंतु टोपल्या कितीही मांडल्या तरी वस्तूंची संख्या आवाक्याबाहेर गेल्यास सर्व उपाय थकतात. येथे माळ्याचे तत्त्व उपयोगी पडते. एका वेळी थोडीच खेळणी बाहेर ठेवावीत, उरलेली बांधून वर टाकावीत आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाळी बदलावी. जुनेच खेळणे मुलाला नवे वाटते आणि बाजारातील खरेदीचा तगादा कमी होतो. पुस्तकांच्या बाबतीत तर रत्नागिरीकरांचे भाग्य मोठे आहे. 1828 साली स्थापन झालेले नगर वाचनालय गावात असताना मुलांची सर्व पुस्तके घरीच साठविली पाहिजेत असे नाही. थोडी आपली आणि बाकीची वाचनालयातून फिरती, हा शिरस्ता जागाही वाचवितो आणि परत करण्याची सवयही लावतो. जी पुस्तके घरी असतील ती पावसाळ्यात भिंतीपासून वीतभर दूर, हवा खेळेल अशा मांडणीवर ठेवावीत, कारण जांभ्याच्या भिंती ओल धरतात.

मुलांचा हात सर्वत्र पोचावा असे म्हणताना एक इलाखा निषिद्ध ठेवावाच लागतो. औषधे, फिनाईल, रॉकेल, उंदरांचे विष आणि सुऱ्या या वस्तू कुलपात अथवा मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असाव्यात. सरबताच्या रिकाम्या बाटलीत फिनाईल भरण्याची प्रथा तर तत्काळ बंद करावी, कारण मूल पदार्थ ओळखते ते बाटलीवरून. खण ओढून त्यावर चढणारी मुले उंच कपाट अंगावर पाडून घेतात, तेव्हा असे कपाट भिंतीला पट्टीने आवळावे. परसात विहीर असेल तर तिच्यावर जाळी बसविल्यावाचून बाकीच्या व्यवस्थेचा विचारही करू नये.

कोकणातील घरांना वर्षातून दोनदा परीक्षा द्यावी लागते. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी सहकुटुंब उतरले की माणसे दुप्पट होतात. अशा वेळी पाहुण्या मुलांसाठी एक रिकामी टोपली आणि दोन रिकाम्या खुंट्या आधीच राखून ठेवाव्यात, आणि त्या कोठे आहेत हे दाखविण्याचे काम घरच्या मुलाकडे सोपवावे. आपले घर समजावून सांगणारे मूल ते घर सांभाळण्यासही तयार होते.

शेवटचा मुद्दा श्रमाच्या वाटणीचा. याच जिल्ह्यातील धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा गृहव्यवस्था आणि आरोग्य या विषयांना विद्येचा दर्जा दिला, ही गोष्ट त्या काळी मोठीच होती. आज त्या विद्येवर मुलग्यांचाही हक्क आहे आणि जबाबदारीही. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणण्याची चाल ज्या घरात आहे, तेथे त्यापूर्वीची दहा मिनिटे आवरण्यासाठी नेमून द्यावीत. त्या दहा मिनिटांत वडिलांनीही खुर्चीवरून उठावे. बहिणीने आवरावे आणि भावाने बघावे अशी व्यवस्था जेथे असेल, तेथे खुंट्या कितीही खाली ठोकल्या तरी त्यांचा लाभ अर्ध्याच मुलांना होईल.

वाचकांनी या आठवड्यात एकच करावे. घरातील सर्वांत लहान मुलाला त्याची रोजची पाच कामे, म्हणजे सदरा अडकविणे, बूट ठेवणे, पाणी पिणे, खेळणे काढणे आणि परत ठेवणे, कोणाचीही मदत न घेता करावयास सांगून शांतपणे पाहावे, आणि ते जेथे अडेल तेथे मुलाऐवजी घर बदलावे. अभ्यासाची जागा, तिचा उजेड आणि तेथील शांततेची तजवीज यांचा विचार पुढील लेखांकात करू.