फ्रेमच्या धंद्यातून उभी राहिलेली गॅलरी

कामोठ्यात नव्या घराचा ताबा मिळाला की लवकरच एक चक्कर फ्रेमवाल्याकडे होते. देवांच्या तसबिरी, आजोबांचा फोटो, लग्नातला एखादा मोठा फोटो. फ्रेमवाला पट्टी पंचेचाळीस अंशांत कापतो, चार कोपरे जुळवतो, डिंक आणि खिळे लावून काच बसवतो. मुंबईतली एक नामवंत आधुनिक चित्रांची गॅलरी याच धंद्याच्या जिवावर उभी राहिली. तिचं नाव केमोल्ड.

केकू गांधी हे वांद्र्याचे पारशी. केंब्रिजला शिकत होते. घरी आले असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहून गेलं. मुंबईत त्यांची गाठ रॉजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थाशी पडली आणि 1941 साली फ्रेमच्या पट्ट्यांचा उद्योग सुरू झाला. प्रिन्सेस स्ट्रीटवर दुकान होतं. रिकामी फ्रेम काचेमागे शोभत नाही, म्हणून तिच्यात चित्र हवं. केकूंनी आरा, हुसेन अशा तेव्हा फारसं कोणी विचारत नसलेल्या चित्रकारांची चित्रं तिथे लावली. 1947 मध्ये आरा, हुसेन आदींचा ‘प्रोग्रेसिव्ह’ ग्रुप जमला त्याच्याही आधीपासून चित्रकारांची ऊठबस इथे होती. चित्रं क्वचितच विकली जायची, फ्रेमा मात्र खपायच्या. या गटाच्या बंडखोरीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या मते दुकानाच्या गल्ल्याचा त्यातला वाटा कमी लेखला गेला.

काळा घोड्याला 1952 साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. ती व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत केकूही होते. तिच्याच पहिल्या मजल्यावर 1963 मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी ‘गॅलरी केमोल्ड’ थाटली. जागा बेताचीच. चित्रकारांशी बोलणं आणि प्रदर्शनांची आखणी यांत खोरशेदबाईंचा मोठा हात होता, तरी नाव बहुतेकदा केकूंचंच घेतलं जातं.

या छोट्या जागेतलं एक प्रदर्शन मला सगळ्यात मोलाचं वाटतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं, 1975 सालचं. वारली चित्रं ही लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढलेली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद नेला. मशे त्यावर शेतं, जाळी, मुंग्यांच्या रांगा काढू लागले. केमोल्डने ती चित्रं ‘हस्तकला’ म्हणून बाजूला न ठेवता शहरी चित्रकारांच्या भिंतीवर लावली. आज वारली कुर्त्यांवर आणि कपांवर छापली जाते. तेव्हा या निर्णयाला धारिष्ट लागलं.

1988 पासून कारभार मुलगी शिरीन यांच्याकडे आला. घाटकोपरच्या अतुल दोडिया यांचं पहिलं एकल प्रदर्शन 1989 मध्ये इथेच झालं. पुढे चित्रं भिंतीवरून उतरून जमिनीवर, छताला, पडद्यावर गेली आणि ती जागा पुरेना. 2007 मध्ये गॅलरी फोर्टात, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर हलली. नाव झालं ‘केमोल्ड प्रेस्कॉट रोड’. उंच छत, लांब भिंती मिळाल्या. गेलं काय, तर जहांगीरमधल्या ‘समोवार’ कॅफेत चहाला आलेला आणि सहज जिना चढून वर डोकावणारा माणूस. तिसऱ्या मजल्यावर ठरवूनच जावं लागतं. हा तोटा मला लहान वाटत नाही.

केकूंना 2009 मध्ये पद्मश्री मिळाली. 1992-93 च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्यांत राबलेले हे गृहस्थ 2012 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी खोरशेदबाईही गेल्या.

अशा गॅलरीत आपल्याला कोण आत घेणार, असं पुष्कळांना वाटतं. तिकीट नसतं, चित्र विकत घ्यावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. कामोठ्याच्या मानसरोवर स्टेशनहून सीएसएमटीची हार्बर लोकल थेट आहे. कोणतं प्रदर्शन लागलंय आणि वेळ काय आहे ते बघून घ्या, आणि मुलांनाही न्या.